अभ्यास मंडळाला खुलं पत्र : पान ३४ वरचा 'व'

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
संगणक अभियांत्रिकी अभ्यास मंडळ

स. न. वि. वि.

गौरी जेवणाच्या दिवशी दुपारी बारा वाजता आपल्या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा आमच्या विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडला. पुरणाचे हात पुसून मी तो उघडला. पानं एकशे बारा, आणि हरकती-सूचनांची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत. मधले चार दिवस कॉलेज बंद. सणात कोण वाचतंय, असा हिशेब असेल तर तो बरोबर निघाला. त्या फाइलखाली नऊ अंगठे आणि एक "नोटेड सर" एवढंच आलं. मी मात्र विसर्जनाच्या आत मसुदा तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा पान ३४ वर अडकले.

पान ३४ वर एक तक्ता आहे. पहिल्या वर्षाचा 'सी' या प्रोग्रॅमिंग भाषेचा पेपर गेला, त्या जागी पायथन ही भाषा आली. दुसऱ्या वर्षाचं मायक्रोप्रोसेसरचं प्रॅक्टिकल गेलं, त्या जागी 'कौशल्य विकास' आला. (आमच्याकडे कौशल्य विकास म्हणजे सेमिनार हॉलमध्ये बसून बाहेरून आलेल्या कुणाचं तरी भाषण ऐकणं.) तिसऱ्या वर्षाचा 'प्रोग्रॅमिंग भाषांची तत्त्वं' हा पेपरही गेला. त्यात कोबॉल, फोरट्रान, लिस्प या जुन्या भाषांची निदान तोंडओळख तरी व्हायची. तिन्हींच्या पुढे कारणाच्या रकान्यात एकच ओळ आहे : "कालबाह्य भाषा व साधने वगळण्यात आली."

भाषा व साधने. या 'व'नेच सगळा घोटाळा केलाय, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे.

मी बोलतेय कुठून, ते आधी सांगते. आपल्याच विद्यापीठाच्या एका संलग्न कॉलेजात मी बावीस वर्षं शिकवतेय. त्याआधी मी कोबॉलची प्रोग्रॅमर होते. १९९७ साली आईच्या पाटल्या गहाण ठेवून पुण्यात मेनफ्रेमचा, म्हणजे बँका-विमा कंपन्यांच्या मोठ्या संगणकांचा, सहा महिन्यांचा कोर्स केला. तेव्हा वायटूकेची लाट होती. साठ-सत्तरच्या दशकांत जागा वाचवायला लोकांनी वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवले होते, आणि २००० साल उजाडलं की '००' म्हणजे १९०० असं संगणक धरणार होता. कोबॉलचे शब्द माहीत असलेला माणूस मिळाला की कंपन्या त्याला उचलत होत्या. मलाही उचललं. दीड वर्ष मी एका परदेशी विमा कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये तारखा शोधत होते आणि प्रत्येक ठिकाणी तेच लिहीत होते : वर्ष ५० पेक्षा लहान असेल तर पुढे २० लाव, नाहीतर १९. तो प्रोग्रॅम विम्याचा हप्ता कसा काढतो, फाइल कशी वाचतो, रात्रीची बॅच कुठून सुरू होते, यातलं काही मला कळत नव्हतं आणि कुणी विचारतही नव्हतं.

जानेवारी २००० शांतपणे आला. मार्चपर्यंत आमचा अर्धा मजला रिकामा झाला होता आणि त्या रिकाम्या अर्ध्यात मीही होते. मला कोबॉल येत होतं, संगणक येत नव्हता. पाटल्या सोडवून झाल्या होत्या तेवढंच समाधान.

म्हणून कृपा करून मला 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांत धरू नका. आमच्या वेळी पंचकार्डं होती, आजच्या मुलांना सगळं आयतं मिळतं, असली रडगाणी मी स्टाफरूममध्येही ऐकून घेत नाही. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला. यंत्रणा चाळीस वर्षांहून जुनी, म्हणून गव्हर्नरांनी कोबॉल येणारे स्वयंसेवक मागितले. ही बातमी मला आजवर पंचवीस जणांनी तरी पाठवली असेल. बातमी खरी आहे, पण तिच्यावर अभ्यासक्रम बेतायचा नसतो. नोकरी मिळेल म्हणून भाषा शिकलं की काय होतं, ते मी स्वतः भोगलंय. आज आपण 'उद्योगाची मागणी' म्हणून जे भराभर आत घेताय, ते मला १९९७ च्या त्या क्लासच्या जाहिरातीसारखं दिसतं.

पायथन पहिल्या सत्रात आणलंत, त्याचं मी मनापासून स्वागत करते. ग्रामीण भागातून, मराठी माध्यमातून आलेलं पोर पहिल्याच दिवशी तीन ओळी लिहून काहीतरी चालताना बघतं, याचं मोल मला माहीत आहे. तक्रार पुढे आहे.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरची लॅब आपण कधी पाहिली आहे का? तपासणी समिती आली की प्राचार्यांच्या केबिनमधून थेट जेवायला जाते, म्हणून विचारते. चाळीस पीसी, आणि प्रत्येकावर एक निळा स्क्रीन. तो टर्बो सी प्लस प्लस, म्हणजे सी आणि तिच्यावरून घडलेली सी प्लस प्लस यांचा कंपायलर (लिहिलेला प्रोग्रॅम संगणकाच्या भाषेत उतरवणारं साधन), बोर्लंड कंपनीचा, नव्वदच्या दशकाच्या अगदी सुरुवातीचा. तो डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीसाठी लिहिलेला आहे. आजच्या विंडोजवर तो चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स नावाच्या सोंगाच्या पोटात घालून चालवावा लागतो. माउस त्याच्यात अडकला की कसा सोडवायचा, हेच पहिल्या प्रॅक्टिकलचं मुख्य शिक्षण असतं. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली आलं, म्हणजे हा कंपायलर त्याच्याही आधीचा. यात शिकलेला मुलगा घरी जाऊन तोच प्रोग्रॅम आजच्या कंपायलरवर टाकतो, तेव्हा पहिल्याच ओळीला एरर येते आणि त्याला वाटतं, आपलंच चुकलं.

एक उदाहरण देते. दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास फॅक्टोरियलचं, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांच्या गुणाकाराचं, प्रॅक्टिकल असतं. सातपर्यंत उत्तर बरोबर येतं, ५०४०. आठचं यायला हवं ४०३२०, आणि निळ्या पडद्यावर येतं उणे २५२१६. मुलं हसतात. सर "रेंज कमी आहे, लाँग वापरा" म्हणतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात. टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा साधा कप्पा, सोळा बिटांचा असतो (लाँग त्याहून मोठा), त्यात ३२७६७ च्या वर मावत नाही, वर गेलं की आकडा फिरून उणेत शिरतो. शिकवायला यापेक्षा सोन्यासारखी संधी नाही, आणि आम्ही ती 'लाँग वापरा' एवढ्यावर घालवतो. मुलाच्या डोक्यात काय राहतं? सी ही एक मोडकी, जुनाट, डोकं फिरलेली भाषा आहे.

यात माझाही वाटा आहे, तो लपवत नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत एका मुलाने 'व्हॉइड मेन'च्या जागी 'इंट मेन' लिहिलं होतं आणि शेवटी शून्य परत केलं होतं. तो बरोबर होता. प्रमाण सीमध्ये तसंच लिहितात. बहिःस्थ परीक्षकांनी "हे पुस्तकात नाही" म्हणत दोन गुण कापले आणि मी शेजारी बसून चहा पीत राहिले. मुलाने माझ्याकडे एकदा पाहिलं. ते मी अजून विसरलेले नाही.

तर मंडळींनो, कुजलं होतं ते साधन. त्याचा वास आपल्यालाही आला, हे चांगलंच झालं. पण आपण भाषा काढून टाकलीत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

वयच मोजायचं तर नीट मोजू. सी १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवली, तिचं ताजं प्रमाण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. फोरट्रान आयबीएममध्ये जॉन बॅकस यांच्या गटाने १९५७ साली बाहेर आणली आणि कोबॉलचा जन्म १९५९-६० चा. या दोघींची नवी प्रमाणं २०२३ ची आहेत. दर काही वर्षांनी समिती बसते, भांडते, जुनं काढते, नवं घालते. आपण ज्यांना कालबाह्य म्हणताय त्या भाषा अशा नांदत्या घरातल्या आहेत. आणि जी आपण नवी म्हणून आणलीत, ती पायथन पहिल्यांदा १९९१ मध्ये बाहेर आली. जावाहून थोरली, आणि आपल्या त्या निळ्या पडद्याची जवळपास समवयस्क. शिवाय पायथनचा जो इंटरप्रिटर (पायथनच्या ओळी वाचून चालवणारा प्रोग्रॅम) मुलं रोज चालवतात, तो सीमध्ये लिहिलेला आहे. पान ३४ वर हेही कुठेतरी नोंदवलं असतं तर बरं झालं असतं.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. या भाषा काढल्याने मुलांना एक वेगळा व्याकरणाचा तक्ता शिकायला मिळणार नाही, ही माझी काळजी नाही. आजच्या भाषांनी ज्या गोष्टी सोयीसाठी झाकून ठेवल्यात, त्या गोष्टी अस्तित्वात आहेत हेच त्यांना कळणार नाही, ही काळजी आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे शेवटच्या वर्षाचा चार मुलांचा एक गट होता. प्रोजेक्ट होता एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचा. संस्थेचं सगळं काम फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीवर. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोला दिलेला आधार २०१५ मध्ये संपला, पण तो पीसी काही बंद पडला नाही. मुलांनी बचत खात्याच्या व्याजाचा भाग पायथनमध्ये झकास लिहिला. रंगीत पडदा, ग्राहकाला एसएमएस, सगळं होतं. आम्ही दाखवायला गेलो, तर तिथले हिशेबनीस म्हणाले, "एसएमएस राहू द्या, आधी तेरीज काढा." तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांचा ताळा, तीन पैशांनी जुळेना.

"काका, तीनच पैसे आहेत," एक मुलगा म्हणाला.

"तीन लाखांनी चुकली असती तर लगेच सापडली असती बाळ," काका म्हणाले. "तीन पैशांची चूक म्हणजे काय चुकलंय तेच माहीत नाही."

संध्याकाळपर्यंत बसलो. काका खतावणीवर बोट ठेवून एकेक खातं वाचत होते. एका खात्याचं व्याज येत होतं दोन रुपये साडेसदुसष्ट पैसे, म्हणजे २.६७५. काकांच्या वहीत ते पुढे ढकलून २.६८ झालं होतं. मुलांच्या प्रोग्रॅमने काढलं होतं २.६७. अशी तीन खाती निघाली. आपण आत्ता कुठल्याही संगणकावर पायथन उघडा आणि २.६७५ ला दोन स्थळांपर्यंत 'राउंड' करायला सांगा, २.६७च येईल. कारण अपूर्णांक साठवायचा साधा प्रकार, फ्लोट, दशमान नसतो, द्विमान असतो. २.६७५ ही संख्या त्याला नेमकी साठवताच येत नाही. तो साठवतो २.६७४९९९ आणि पुढे बरंच काही. मग तो पुढे कशाला ढकलेल?

मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होते. चार वर्षं संगणक शिकून झालेली मुलं, आणि संगणकाला साडेसदुसष्ट पैसे नीट मांडता येत नाहीत हे त्यांना दहावी शिकलेल्या हिशेबनिसाने दाखवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपवर ग्नू-कोबॉल उघडलं. ते फुकट मिळतं. एक ओळ लिहून दाखवली : 'पिक नाइन कंसात सात, व्ही, नाइन नाइन'. अर्थ असा की रुपयांना सात घरं, पैशांना दोन घरं, आणि मधला 'व्ही' म्हणजे दशांशचिन्हाची जागा, जी साठवायचीही नसते, फक्त धरून चालायची असते. वहीत रुपये आणि पैसे यांच्या मधली उभी रेघ असते, तशी. बेरीज दशमानातच होते आणि 'राउंडेड' लिहिलं की अर्धा पैसा वर जातो. हिशेबनिसाच्या मनात जे असतं तेच भाषेत आहे, कारण ती भाषा हिशेबासाठीच घडवली गेली. दीड वर्ष मी या ओळी डोळ्यांखालून घातल्या होत्या. त्या 'व्ही'चं महत्त्व मला त्या दिवशी, त्या मुलांसोबत कळलं.

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पायथनमध्ये पण डेसिमल नावाचं मॉड्यूल आहे." आहे ना. अर्धा पैसा वर ढकल, हे त्याला वेगळं सांगावं लागतं, पण आहे. प्रोजेक्ट शेवटी त्यातच झाला, कोबॉलमध्ये नाही, आणि तेच योग्य होतं. मात्र ते मॉड्यूल आहे कशासाठी हे त्याला कोबॉलची ती ओळ बघितल्यावर उमगलं. आठ तासांचं काम होतं. पान ३४ वरून आपण ते आठ तास काढले आहेत.

सीचंही असंच. टर्बो फेकून देऊन आजच्या जीसीसी कंपायलरवर तेच फॅक्टोरियल चालवा. आता बारापर्यंत बरोबर येतं, ४७९००१६००. तेराला येतं १९३२०५३५०४. उणे नाही, विचित्र नाही, अगदी भरदार दिसणारं उत्तर, आणि साफ चूक. मी मुलांना ते कागदावर गुणून बघायला लावते. खरं उत्तर सहा अब्जांच्या वर आहे. पायथन हा प्रश्न येऊच देत नाही, तिथे आकडा हवा तेवढा वाढतो. छान आहे. पण ज्याला हा प्रश्न कधी पडलाच नाही, तो उद्या विमानात किंवा व्हेंटिलेटरमध्ये जाणारा प्रोग्रॅम तपासायला बसेल तेव्हा काय शोधेल? ४ जून १९९६ ला एरियान ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर जेमतेम चाळीस सेकंदांत नष्ट झालं, ते चौसष्ट बिटांतली एक संख्या सोळा बिटांत कोंबायला गेल्यामुळे. आणि १९ जानेवारी २०३८ ला बत्तीस बिटांत सेकंद मोजणारी घड्याळं भरून वाहणार आहेत. आत्ता पहिल्या वर्षात बसलेली मुलं तेव्हा तिशीत असतील, कामाच्या ऐन भरात. वायटूकेच्या वेळी आम्ही डोळे झाकून ओळी बदलल्या. यांनी तरी काय बदलतोय ते बघून बदलावं.

आपल्यापैकी कुणी म्हणेल, सी धोक्याची आहे, जगच तिच्यापासून दूर चाललंय. खरं आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं की ते दरवर्षी दुरुस्त करतात त्या सुरक्षेच्या चुकांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीच्या गैरहाताळणीतून येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये व्हाइट हाउसच्या सायबर कार्यालयाने मेमरी सांभाळणाऱ्या भाषांकडे वळा असा अहवालच काढला. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातही, २०२२ च्या अखेरीस रस्ट ही तशी भाषा शिरली. मला हा सीच्या विरुद्धचा पुरावा वाटत नाही, सी शिकवण्याचं सर्वांत मोठं कारण वाटतं. २०१४ साली वेबसाइटींच्या सर्व्हरवरच्या सुरक्षेच्या प्रोग्रॅममध्ये हार्टब्लीड नावाची चूक सापडली, ती मी वर्गात नाटक करून शिकवते. एक मुलगी सर्व्हर होते, दुसरी म्हणते, "मी 'आंबा' म्हणते, तो परत म्हण, त्यात चौसष्ट हजार अक्षरं आहेत." सर्व्हर भाबडा. तो आंबा म्हणतो आणि अक्षरं पुरी करायला मेमरीत शेजारी जे काय पडलं असेल ते वाचत सुटतो, कुणाचा पासवर्ड, कुणाची किल्ली. सगळा वर्ग हसतो. मग आम्ही सीमध्ये तीच चूक पंधरा ओळींत करून बघतो आणि हसू थांबतं. ज्याने हे केलंय त्याला रस्टचा कंपायलर का अडवतो ते कळतं. ज्याने केलं नाही त्याला तो सरकारी खिडकीवरच्या कारकुनासारखा वाटतो, उगाच कागद परत करणारा.

फोरट्रानबद्दल थोडक्यात. मशीन लर्निंगच्या पेपरात मुलं पायथनची नमपाय आणि सायपाय ही गणिताची साधनं वापरतात. त्यातलं मॅट्रिक्सचं गणित ज्या लॅपॅक नावाच्या तयार प्रोग्रॅमच्या संग्रहाच्या परंपरेवर उभं आहे, ते फोरट्रानमध्ये लिहिलेलं आहे. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत मान्सूनच्या अंदाजाची जी मॉडेलं चालतात, त्यांचा गाभाही फोरट्रानच. माझी एक विद्यार्थिनी हवामानाच्या संशोधनात गेली. तिने एक लूप सीच्या सवयीने आडव्या ओळींतून फिरवला. फोरट्रान मेमरीत उभे रकाने मांडतो. उत्तर बरोबर, वेळ कितीतरी पट. दोन आठवडे गेले तिचे. फोनवर म्हणाली, "मॅडम, हे कुणी आधी सांगितलं असतं तर." मी काय बोलणार? सांगायचं होतं तो तास 'सेल्फ स्टडी'त टाकला होता.

लिस्पचा आग्रह मी धरत नाही. १९५८ ची ती भाषा सुंदर आहे, नको असलेली मेमरी आपोआप गोळा करण्याची कल्पना तिच्यासोबत आली, पण ती शिकवायला शिक्षक तसा लागतो आणि आमच्या जिल्ह्यात मला तो दिसत नाही.

शिक्षकांचा विषय निघालाच आहे, तर तिसरी तक्रार. आमच्या विभागात निम्म्याहून जास्त जागा तासिका तत्त्वावर भरल्या जातात. ही मुलं-मुली हुशार आहेत, पण ती स्वतः टर्बो सीवर शिकली. त्यांना नवं शिकायला पगारी वेळ मिळत नाही, आणि मे महिन्यात त्यांचा करारच नसतो. अभ्यासक्रम वाईट शिकवला जातो म्हणून तो विषयच काढायचा, ही सवय एकदा लागली की पुढच्या वेळी डेटा स्ट्रक्चर्सची पाळी. आमचे प्रश्नसंचही बघा. 'प्रोग्रॅमिंग भाषांची तत्त्वं'च्या पेपरात गेल्या काही वर्षांत कोबॉलवर आलेला प्रश्न कोणता? कोबॉलचं पूर्ण रूप लिहा. एक गुण. असा पेपर काढून टाकावासा वाटला तर मी आपल्याला दोष देत नाही. पण तो तसा झाला कुणामुळे, हेही एकदा बैठकीत बोलावं.

आता मागण्या. मोजक्याच आहेत आणि खर्चिक नाहीत.

सी परत आणा, दुसऱ्या किंवा तिसऱ्या सत्रात, पायथननंतर. आठवड्याला दोन तास वर्ग आणि चार तास प्रॅक्टिकल. पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) आणि मेमरीवर निम्मा वेळ. आणि अभ्यासक्रमाच्या कागदावर स्पष्ट लिहा की प्रॅक्टिकल लिनक्सवर, जीसीसी किंवा क्लँग कंपायलरवरच होईल, टर्बो सी चालणार नाही. तेवढी एक ओळ नसेल तर कॉलेजं निळा पडदाच लावतील, मी लिहून देते.

मायक्रोप्रोसेसरची ८०८५ ची जुनी किट्स मी परत मागत नाही. आमच्याकडच्या निम्म्या किटांची 'एफ'ची कळ दाबलीच जात नाही. पण प्रोसेसरच्या सूचना हाताने लिहून बघायचे दहा तास तरी ठेवा. रिस्क-पाच या खुल्या प्रोसेसर-धाटणीचा सिम्युलेटर फुकट आहे, आणि त्याच धाटणीवर आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे आपले प्रोसेसर आहेत. म्हणजे 'स्वदेशी'चा रकानाही भरता येईल.

भाषांचा पेपर निवडीचा करा, हरकत नाही, पण ठेवा. त्यात कोबॉल आणि फोरट्रान प्रत्येकी आठ-दहा तास. मुलांना त्यात मोठे प्रोग्रॅम लिहायला लावू नका. दुसऱ्याने लिहिलेला दोनशे ओळींचा प्रोग्रॅम हातात द्या, वाचून तो काय करतो ते मराठीत किंवा इंग्रजीत सांगू द्या, आणि गुण त्याला द्या. वाचायला आम्ही कधी शिकवतच नाही. आणि पूर्ण रूप विचारणारा प्रश्न काढणाऱ्याचं परीक्षकाचं मानधन कापा. (हे वाक्य गमतीने लिहिलं होतं, पण राहू द्या.)

तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांसाठी सत्र सुरू व्हायच्या आधी दोन आठवड्यांचं पगारी प्रशिक्षण घ्या. शिकवायला मी येते, मानधन नको.

शेवटची मागणी मुदतीची. ती एक महिन्याने वाढवा, आणि पान ३४ चा निर्णय ज्या बैठकीत झाला तिचं इतिवृत्त सर्वांना वाचायला ठेवा. कोणी काय म्हणालं यात मला रस नाही. त्या 'व'वर कुणी थांबलं होतं का, एवढंच बघायचं आहे.

आपली,
संलग्न महाविद्यालयातील एक सहयोगी प्राध्यापिका

ता. क. : हे पत्र मी जाहीर का लिहिलं, असं कुणी विचारलं तर कारण सांगून ठेवते. रीतसर सूचना मी आधी आपल्या पोर्टलवरच टाकली होती. मथळा दिला होता, 'सी परत आणा'. पोचपावती आली, तिच्यात मथळ्याच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं होती : दोन, मग मोकळी जागा, मग तीन, मग मोकळी जागा, मग तीन. मी ती लॅबमध्ये मुलांना दाखवली. मागच्या वर्षी सी शिकलेली एक मुलगी क्षणभर बघत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, 'सी'ची दोन कारण स वेगळा साठवतात आणि वेलांटी वेगळी. यांचा डेटाबेस युनिकोड नाहीये." म्हणजे मराठी अक्षरं साठवायची सोयच त्यात नाही. पोर्टल ज्यांनी बनवलं त्यांना तेवढं कळवावं. इतर मराठी सूचनाही आपल्याकडे अशाच पोचल्या असतील.